सोप्या गणिताला मोठी प्रमेयं: सदाशिव पेठेतले चार शनिवार

गेली सव्वीस वर्षं मी नववी-दहावीला गणित शिकवते. शाळा पेठेतली, मराठी माध्यमाची. √२ ही अपरिमेय संख्या आहे, ही सिद्धता मी पन्नासाहून जास्त वेळा फळ्यावर लिहिली असेल. समजा √२ परिमेय आहे, मग ती अ भागिले ब अशी लिहिता येईल, अ आणि ब सहमूळ, म्हणजे १ खेरीज सामाईक अवयव नसलेले... खडू हातात घेतला की हात आपोआप पुढे चालतो. म्हणून आमच्या शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर या वर्गाची माहिती आली तेव्हा मी ती दोनदा वाचली. शाळेत शिकवतो त्याच साध्या गोष्टी, पण सिद्ध करायच्या त्या संख्या सिद्धांतातल्या सगळ्यात अवजड प्रमेयांनी. चार शनिवार, संध्याकाळी साडेपाच ते साडेसात, फी अठराशे रुपये.

घरी सांगितलं तर हे म्हणाले, "अगं, हा तर द्राविडी प्राणायाम. समोरून नाक धरता येतंय तर डोक्यामागून हात कशाला न्यायचा?" प्रश्न रास्त होता. मी पैसे भरले ते याच प्रश्नापायी.

वर्गाचं आणि सरांचं नाव इथे लिहीत नाही, कारण सरांनीच तशी विनंती केली आहे. जागा तीस जणांचीच आहे आणि पुढची तुकडी ओळखीतूनच भरते आहे. टिळक रस्त्याच्या मागच्या बाजूला, जुना वाडा पाडून बांधलेल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक लांबट खोली. हिरवा फळा, तीस प्लॅस्टिकच्या खुर्च्या, दोन पंखे. लिफ्ट नाही. आमच्यात एक पंचाहत्तरीचे निवृत्त संस्कृत शिक्षक होते, ते प्रत्येक मजल्यावर थांबत थांबत यायचे. आयोजकांनी पुढच्या वेळी तळमजला बघावा, हे मी त्यांना तोंडीही सांगितलं आहे. साडेसहाला खालच्या अमृततुल्यातून किटली यायची. चहा फीमध्येच धरलेला होता आणि चांगला होता.

सर पस्तिशीचे. संख्या सिद्धांतात पीएच.डी. केलेले, पण स्वतः मराठी शाळेत शिकलेले, त्यामुळे "सहमूळ", "मसावि", "अंकगणिती श्रेढी" हे शब्द त्यांच्या तोंडी सहज येतात. आम्हा शिक्षिकांना ते "बाई" म्हणत. पहिल्याच शनिवारी नमस्कार-चमत्कारात वेळ न घालवता ते फळ्याकडे वळले आणि म्हणाले, २ चं घनमूळ अपरिमेय आहे हे आज सिद्ध करू.

समजा ते परिमेय आहे, म्हणजे अ भागिले ब. दोन्ही बाजूंचा घन केला की अ चा घन बरोबर दोन गुणिले ब चा घन. इथपर्यंत मीही येते. पुढे सरांनी "दोन गुणिले ब चा घन" एवढं डस्टरने पुसलं आणि त्या जागी "ब चा घन अधिक ब चा घन" असं लिहिलं. मग खडू खाली ठेवला. दोन धन पूर्णांकांच्या घनांची बेरीज तिसऱ्या पूर्णांकाचा घन झाली, आणि असं कधीच होत नाही, घनच काय, दोनपेक्षा मोठ्या कुठल्याही घाताला होत नाही, हेच तर फर्माचं शेवटचं प्रमेय. सिद्धता संपली. दोन ओळी.

खोलीत क्षणभर कोणी बोललं नाही. मग मागच्या रांगेतल्या इंजिनिअरिंगच्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या अंगावर काटा आला होता हे प्रामाणिकपणे सांगते. फर्माने १६३७ च्या सुमारास एका पुस्तकाच्या समासात लिहून ठेवलेलं विधान. त्यासाठी साडेतीनशे वर्षं माणसं झिजली. अँड्र्यू वाइल्स यांनी जून १९९३ मध्ये केंब्रिजला सिद्धता जाहीर केली, मग तिच्यात भगदाड सापडलं, सप्टेंबर १९९४ मध्ये रिचर्ड टेलर यांच्या साथीने ते बुजवलं गेलं आणि १९९५ मध्ये शंभराहून अधिक पानांचं ते काम छापून आलं. ते सगळं आमच्या नववीच्या एका उदाहरणाच्या दोन ओळींत येऊन बसलं.

सरांनी लगेच आणखी एक गोष्ट दाखवली. हाच डाव √२ वर टाकून पाहा म्हणाले. अ चा वर्ग बरोबर ब चा वर्ग अधिक ब चा वर्ग. आता फर्मा काही बोलत नाही, कारण वर्गांच्या बाबतीत ३, ४, ५ सारखी त्रिकुटं पैशाला पासरी मिळतात. म्हणजे जगातलं एवढं मोठं प्रमेय २ च्या घनमुळाला पुरतं, सतराव्या मुळाला पुरतं, पण वर्गमुळाला पुरत नाही. सगळ्यात सोप्या उदाहरणापाशीच ते तोकडं पडतं.

तेवढ्यात संस्कृतचे गुरुजी उभे राहिले. त्यांचा प्रश्न मी वहीत जसाच्या तसा टिपला आहे: "फर्माचं प्रमेय सिद्ध करताना कुठे तरी हीच गोष्ट आधी वापरलेली नाही कशावरून? तसं असेल तर अन्योन्याश्रय दोष येईल." न्यायशास्त्रातला शब्द गणिताच्या वर्गात इतका चपखल बसलेला मी पहिल्यांदा ऐकला. याच्यासाठी त्याला आणि त्याच्यासाठी याला टेकवलं की दोन्ही पडतात. सर म्हणाले, प्रश्न उत्तम आहे, पुढच्या शनिवारी बोलू.

मला पुढच्या शनिवारपर्यंत धीर निघेना. रविवारी सकाळी स्वयंपाकघराच्या ओट्याशी, एका बाजूला कुकर लावलेला, मी वहीच्या मागच्या पानावर ते मांडून बघितलं. वाइल्स यांची सिद्धता मला वाचता येणार नाही, पण फर्माच्या प्रमेयाच्या सिद्धतेची सुरुवात कशी होत असणार, हे कळायला ती वाचायची गरज नाही. कोणीही पहिली गोष्ट तीच करणार: तिन्ही संख्यांतला सामाईक अवयव काढून टाकायचा आणि त्या सहमूळ करून घ्यायच्या. मग मी आमच्याच तीन संख्या घेतल्या: ब, ब आणि अ. एखादी मूळ संख्या ब ला भागत असेल तर ती ब च्या घनाला भागते, म्हणून अ च्या घनाला भागते, म्हणून अ लाही भागते. पण अ आणि ब तर सहमूळ केलेत. म्हणजे ब ला भागणारी मूळ संख्याच नाही, म्हणजे ब बरोबर १. मग अ चा घन २ असायला हवा. १ चा घन १, २ चा घन ८. मध्ये काही नाही.

झालं. कुकरची दुसरी शिट्टी व्हायच्या आत झालं. फर्माच्या प्रमेयाची खरी लढाई सुरू होण्याआधी, सैन्याची जमवाजमव चालू असतानाच आमचं उदाहरण सुटलेलं होतं. लंबवर्तुळी वक्र, मॉड्युलर फॉर्म ही वाइल्स यांची अवजड हत्यारं, त्या शंभर पानांपैकी एकही पान त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

दुसऱ्या शनिवारी मी हे सरांना सांगितलं. त्यांनी मला फळ्यापाशी बोलावलं आणि खडू हातात दिला. सव्वीस वर्षं मी फळ्यापाशीच उभी आहे, तरी त्या दिवशी हात थरथरत होता. मी लिहून संपवल्यावर सर म्हणाले, "बाई, आता मला सांगा, तुमच्या या सगळ्या लिखाणात वजन कुठल्या ओळीवर आहे?" मी बोट ठेवलं: मूळ संख्या अ च्या घनाला भागते, म्हणून अ ला भागते. त्या "म्हणून"वर. मूळ संख्या दोन संख्यांच्या गुणाकाराला भागत असेल तर त्यांतल्या एकीला तरी भागतेच. ही युक्लिडची गोष्ट आहे आणि ती फुकटात मिळत नाही. ६ घ्या: ४ गुणिले ९ म्हणजे ३६ ला ६ ने भाग जातो, पण ४ लाही जात नाही आणि ९ लाही जात नाही. संख्या मूळ असल्यामुळेच हे जमतं. आणि मी दरवर्षी "अ चा वर्ग सम आहे, म्हणून अ सम आहे" ही ओळ एका दमात म्हणून पुढे सरकते. या जूनपासून मी त्या ओळीवर थांबणार आहे आणि ६ चं उदाहरण मुलांकडून काढून घेणार आहे. माझे अठराशे रुपये तिथेच वसूल झाले.

एक त्रुटी मात्र सांगायला हवी. सरांनी पहिल्या दिवशी घनमुळासाठी सगळं श्रेय वाइल्स यांच्या पदरात टाकलं. प्रत्यक्षात वाइल्स यांची सिद्धता ५ आणि त्यापुढच्या मूळ घातांकांची आहे. घनांची बाजू ऑयलरने अठराव्या शतकातच लढवली होती, आणि चौथ्या घाताची खुद्द फर्माने. हे सरांना ठाऊक होतं, गुरुजींनी विचारल्यावर त्यांनी सांगितलंही. पण छापील टिपणात ते नव्हतं, आणि टिपण घेऊन घरी जाणाऱ्या माणसाला ते तिथेच मिळायला हवं.

टिपणांबद्दल माझी मुख्य तक्रार वेगळीच आहे. ती सगळी इंग्रजीत होती. वर्ग मराठीत, प्रश्न मराठीत, चहावरच्या गप्पा मराठीत, मग टिपणंच का नाहीत? शिवाय दुसऱ्या आठवड्याच्या टिपणात ४९/४८ ऐवजी ४९/४६ असं छापलं होतं. त्या एका आकड्याने माझी अख्खी संध्याकाळ खाल्ली.

त्या दिवशीचा विषय होता मूळ संख्या अनंत आहेत हा. युक्लिडची सिद्धता सगळ्यांना माहीत असते: असतील नसतील तेवढ्या मूळ संख्यांचा गुणाकार करा, १ मिळवा. सरांनी ती बाजूला ठेवली आणि ऑयलरची बेरीज लिहिली. १ अधिक १/४ अधिक १/९ अधिक १/१६, असं पुढे चालतच राहायचं. ही बेरीज पायचा (π) वर्ग भागिले ६ इतकी होते, हे ऑयलरने १७३० च्या दशकात शोधलं. हीच बेरीज मूळ संख्यांच्या गुणाकारातही लिहिता येते: ४/३ गुणिले ९/८ गुणिले २५/२४ गुणिले ४९/४८, प्रत्येक मूळ संख्येचा वर्ग वर आणि त्याहून एक कमी खाली. आता मूळ संख्या मोजक्याच असत्या तर हा गुणाकार कुठे तरी थांबला असता आणि उत्तर साधा अपूर्णांक आलं असतं. पण पायचा वर्ग अपरिमेय आहे. लजांद्रने १७९४ मध्ये ते दाखवलं. म्हणून गुणाकार थांबत नाही, म्हणून मूळ संख्या संपत नाहीत.

मी घरी कॅल्क्युलेटर घेऊन बसले. २, ३, ५ पर्यंत १.५६२५. मग टिपणातला ४९/४६ घातला तर एकदम १.६६ च्या वर गेलं, आणि पायचा वर्ग भागिले ६ तर १.६४४९ आहे. गुणाकारातला प्रत्येक अपूर्णांक १ पेक्षा मोठा, त्यामुळे एकदा ओलांडून गेलेली संख्या परत खाली येणार नाही. रात्री अकराला चूक सापडली. ४९/४८ घेतल्यावर १.५९५०, ११ पर्यंत १.६०८३, १३ पर्यंत १.६१७९. हळूहळू, पण बरोबर वाटेने.

त्याच तासाला सरांनी वहीत करून बघायला दिलेलं उदाहरण मला त्याहून जास्त आवडलं. केरळच्या माधवाची चौदाव्या शतकातली श्रेणी: १ वजा १/३ अधिक १/५ वजा १/७, आणि उत्तर पाय भागिले ४. ही श्रेणीसुद्धा मूळ संख्यांच्या गुणाकारात बसते: ३/४, ५/४, ७/८, ११/१२, १३/१२. वर विषम मूळ संख्या ओळीने, आणि प्रत्येकीच्या खाली तिच्या शेजारची ४ ने भाग जाणारी संख्या. ३ च्या शेजारी ४, ५ च्या शेजारीही ४, ७ च्या शेजारी ८. इतका देखणा गुणाकार मी याआधी पाहिला नव्हता. पाय अपरिमेय आहे हे लँबर्टने १७६० च्या दशकात सिद्ध केलं. तेवढं हाताशी असलं की पुन्हा तोच निष्कर्ष, मूळ संख्या अनंत. मी आमच्या नववीच्या मुलांना ३/४, ५/४, ७/८, ११/१२ एवढे चार अपूर्णांक देऊन पाचवा ओळखायला सांगितला. सात जणांना आला. १७/१६ तिसऱ्या बाकावरच्या मुलीने न विचारता सांगितला.

ग्रीन आणि ताओ यांच्या २००४ च्या प्रमेयावर सरांनी पाचच मिनिटं घालवली. मूळ संख्यांमध्ये हव्या तेवढ्या लांबीच्या अंकगणिती श्रेढी सापडतात, म्हणजे मूळ संख्या अनंत असणारच. बरोबर आहे, पण त्यात मला हाताला काही लागलं नाही, आणि पाच मिनिटं पुरेशी होती.

तिसरा शनिवार. सर अर्धा तास उशिरा आले, कर्वे रस्त्यावर अडकले होते म्हणे. तो अर्धा तास शेवटी भरून दिला हे खरं, पण माझी कोथरूडची बस चुकली. तरीही तिसरा शनिवार मला सगळ्यात पोटभरीचा वाटला. प्रश्न असा: १ पासून सुरू करून १० पर्यंतच्या सगळ्या संख्यांचा गुणाकार, ३६,२८,८००, हा पूर्ण वर्ग आहे का? नाही, हे मुलंही सांगतील. १ ते १०० चा? १ ते दहा लाखांचा? १ च्या पुढे कुठेच पूर्ण वर्ग येत नाही, पण का?

सरांनी १० च्या गुणाकारात ७ भोवती गोल केला. ७ इथे एकदाच येतो, कारण त्याची दुप्पट १४, आणि ती १० च्या पलीकडे. पूर्ण वर्गात प्रत्येक मूळ संख्या सम वेळा यायला हवी. एकटा ७ सगळं मोडतो. मग एवढंच हवं की १ पेक्षा मोठी कुठलीही संख्या घ्या, तिच्या निम्म्याच्या पुढे आणि तिच्यापर्यंत एक तरी मूळ संख्या असतेच. हे बर्ट्रांडचं विधान, १८४५ चं. त्याने तीस लाखांपर्यंत पडताळून पाहिलं होतं, सिद्ध केलं नव्हतं. सिद्धता काही वर्षांनी चेबिशेव यांनी दिली. पुढे १९१९ मध्ये रामानुजनने फार थोडक्यात दिली, आणि १९३२ मध्ये पॉल एर्डश यांनी, विशीही गाठलेली नसताना, आणखी प्राथमिक साधनांनी.

रामानुजनचा तो छोटा निबंध इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात आला होता. या सोसायटीचं ग्रंथालय सुरुवातीच्या काळात आपल्या फर्ग्युसन कॉलेजात होतं. सरांनी हे सांगितलं तेव्हा माझ्या शेजारी बसलेल्या फर्ग्युसनच्या मुलाने मान वर केली. तो रोज त्या आवारात जातो आणि त्याला हे कोणी सांगितलं नव्हतं. मलाही नव्हतं. पुण्याच्या गणितशिक्षकांना तरी हे माहीत असायला हवं, असं मला फार मनापासून वाटलं.

इथे मी पुन्हा ओट्यापाशी प्रयत्न केला. फर्माच्या बाबतीत केलं तसं याही मोठ्या प्रमेयाला वळसा घालता येतो का ते पाहिलं. रविवार गेला, सोमवारचा ऑफ तास गेला. गुणाकारातले २ मोजून पाहिले, ५ मोजून पाहिले. ते कधी सम येतात, कधी विषम. प्रत्येक वेळी कुठल्या तरी एकट्या मूळ संख्येची गरज पडते आणि ती असतेच हे बर्ट्रांडखेरीज दुसरं कोणी सांगत नाही. घनमुळाचं फर्मावाचून काही अडत नव्हतं. इथे अडतं. ह्यांना मी त्या रात्री सांगितलं की प्रत्येक वेळी तो द्राविडी प्राणायाम नसतो. कधी कधी समोर नाकच नसतं. हे हसले, पण मी गंभीर होते.

चौथ्या शनिवारबद्दल दोन वेगळी मतं आहेत माझी. पहिला तास मला मिळालेला सगळ्यात मोठा ठेवा, आणि शेवटची चाळीस मिनिटं वाया.

पहिल्या तासात सर √२ कडे परत आले. ते म्हणाले, सम-विषम विसरा. ३ ने भागा. कुठल्याही पूर्ण संख्येचा वर्ग घ्या, ३ ने भागल्यावर बाकी ० किंवा १ उरते, २ कधीच नाही. आता अ चा वर्ग बरोबर दोन गुणिले ब चा वर्ग. ब ला ३ ने भाग जात नसेल तर ब च्या वर्गाची बाकी १, दुपटीची बाकी २, आणि अ च्या वर्गाची बाकी २ असूच शकत नाही. म्हणून ब ला ३ ने भाग जातो, मग अ लाही जातो, आणि ते दोघे सहमूळ उरत नाहीत. संपलं. सव्वीस वर्षांत मला ही सिद्धता कोणी दाखवली नव्हती आणि माझी मलाही सुचली नव्हती.

मग त्यांनी शब्द वापरला "साक्षीदार". २ हा पूर्ण वर्ग नाही, याची साक्ष ३ देतो. ३ पूर्ण वर्ग नाही, याची साक्ष कोण देतो? ५. कारण वर्गांना ५ ने भागल्यावर ०, १ किंवा ४ उरतात, ३ नाही. ५ साठी साक्षीदार पुन्हा ३. ६ साठी ७. ७ साठी ५. आम्ही तीस जण खुर्च्यांवर बसून साक्षीदार शोधत होतो, आणि गुरुजी १० पाशी अडले होते. ३ उपयोगाचा नाही, कारण १० ला ३ ने भागून १ उरतो, मग ७ सापडला तेव्हा त्यांनी वहीवर टिचकी मारली.

सोमवारी मी हे जसंच्या तसं नववी अ मध्ये केलं. फळ्यावर दोन रकाने आखले, संख्या आणि साक्षीदार. पोरांनी वीसपर्यंत भरले. १७ ला ३ मिळाला तेव्हा मागून कोणीतरी ओरडलं, "बाई, ३ सगळीकडे कामाला येतोय." आणि मग त्याच तिसऱ्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "बाई, प्रत्येक संख्येला साक्षीदार मिळतोच का? एखादीला नाहीच मिळाला तर?"

या प्रश्नाचं उत्तर मला दोन दिवस आधी मिळालेलं होतं. पूर्ण वर्ग नसलेल्या प्रत्येक संख्येला साक्षीदार मिळतोच, एक नाही, अनंत मिळतात. आणि ते सिद्ध करायला गाउसने १८०१ मध्ये प्रसिद्ध केलेला द्विघाती व्युत्क्रमाचा नियम आणि डिरिश्लेचं १८३७ चं अंकगणिती श्रेढींचं प्रमेय, या दोघांना एकत्र आणून सरांनी फळा भरून काढला होता. त्यातलं सगळं मला कळलं असं मी म्हणणार नाही. पण एक मूल नववीच्या वर्गात जो प्रश्न विचारतं त्याचं उत्तर तिथे आहे, हे मी तिला सांगू शकले. "मिळतोच," मी म्हणाले, "आणि का मिळतो ते तू कॉलेजात शिकशील." तिने वहीत काहीतरी लिहून घेतलं.

शेवटच्या चाळीस मिनिटांत सरांनी प्रोजेक्टर लावला आणि मॉड्युलर फॉर्म दाखवायला घेतले. चाळीस मिनिटांत पन्नासेक स्लाइड. कोणालाच काही कळलं नाही, आणि मागच्या मुलांचेही चेहरे उतरले. त्याऐवजी श्रीराम अभ्यंकरांवर जी तीनच मिनिटं दिली, ती वाढवायला हवी होती. अभ्यंकर हे बैजिक भूमितीतले फार मोठे नाव, अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात शिकवायचे, १९७६ मध्ये पुण्यात त्यांनी भास्कराचार्य प्रतिष्ठान उभं केलं. त्यांचा आयुष्यभराचा आग्रह अगदी उलट दिशेचा होता: शाळेतल्या बीजगणिताने केवढी मोठी कामं होतात ते पाहा. मोठ्या प्रमेयांनी लहान गोष्टी सिद्ध करणाऱ्या वर्गात, याच गावात राबलेल्या या माणसावर एक पूर्ण शनिवार असायला हवा. अभिप्रायाच्या कागदावर मी हे सविस्तर लिहिलं आहे.

कोणी जावं? गणितशिक्षकांनी नक्की. अकरावी-बारावीच्या, गणिताची आवड असलेल्या मुलांनीही. पण परीक्षेत गुण वाढतील या आशेने नाही, तसं काही इथे होत नाही. दहावीपर्यंतचं मूळ संख्यांचं आणि भागाकारातल्या बाकीचं गणित हाताशी पक्कं हवं, कलनशास्त्र आलं नाही तरी तीन शनिवार पूर्ण कळतात. साधा कॅल्क्युलेटर न्यावा. दुचाकी लावायला खाली जागा नाही, बसने गेलेलं बरं. पाचपैकी चार तारे देते. टिपणं मराठीत आली आणि तो शेवटचा प्रोजेक्टर गेला तर पाच देईन.

जूनच्या तुकडीत मी आमच्या शाळेतल्या दोन तरुण शिक्षिकांची नावं दिली आहेत. गुरुजीही पुन्हा येणार आहेत. अन्योन्याश्रयावरचं सरांचं उत्तर त्यांना अजून पुरेसं वाटलेलं नाही.